न्यायचं कुठे?

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. बुद्धिमान वकील सुधाकर, त्याची सिंधू, पिण्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणारा तळीराम आणि जिवाला जीव देणारा रामलाल. दारूने घर कसं पोखरलं जातं याचं इतकं बारकाईचं चित्र मराठीत त्याआधी कोणी काढलं नव्हतं. घरातल्या माणसाने समजूत घालून झाली, मित्राने हात जोडून झाले, सुधाकराने स्वतः शपथा घेऊन झाल्या. आज हे नाटक वाचताना मात्र एक उणीव जाणवते, आणि ती नाटककाराची नाही, काळाची आहे. सुधाकराला घेऊन जावं अशी जागाच त्या जगात कुठे नाही. रामलालने तरी त्याला नेलं कुठे असतं?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांनी निदान दीडशे वर्षं विचारला आहे. व्यसन म्हणजे काय, हे ज्या काळात जो ठरवत आला त्याप्रमाणे उत्तर बदलत गेलं. पाप मानलं तेव्हा देवाच्या दारी, वेड मानलं तेव्हा इस्पितळाच्या भिंतीआड, गुन्हा मानला तेव्हा चौकीत. आजार मानायला 1980चं दशक उजाडावं लागलं. आज जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या दिसतात आणि निवडायचं कुठलं याने घरचे गोंधळतात. पण निवडण्याची सोय ही गोष्टच मुळात जेमतेम चाळीस वर्षांची आहे.

सगळ्यात जुनी वाट पंढरपूरची. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मांसाहार सुटला, हा वारकऱ्यांचा रिवाज. दारुड्या नवऱ्याला किंवा मुलाला ‘माळ घाला’ म्हणून गळ घालणाऱ्या बायका आजही गावोगाव आहेत. शहरी वाचकाला यात भाबडेपणा दिसण्याचा संभव आहे. पण माळ एकट्याने घालायची नसते. ती घालणारे गुरू असतात, दर एकादशीला भेटणारी मंडळी असतात, वर्षातून दोनदा वारी असते, आणि माळ तोडली तर साऱ्या गावाला कळतं. रोज संध्याकाळी, गुत्त्याच्या नेमक्या वेळेला, हरिपाठ असतो. पुढे शास्त्रीय उपचारांनी ज्याला आधारगट आणि पाठपुरावा म्हटलं, त्यातलं बरंचसं इथे आधीपासून होतं. नव्हती ती एकच गोष्ट, जिची किंमत काहींनी जिवाने मोजली असणार: दारू अचानक तोडल्यावर शरीर जे काहूर माजवतं त्यावरचा इलाज.

माळेइतकी प्रामाणिक नसलेली दुसरी वाटही होती आणि आहे: गंडा, ताईत, अंगारा, अमुक बुवाची पुडी. गाडगेबाबांनी (1876–1956) कीर्तनातून दारूवर जेवढे कोरडे ओढले तेवढेच अंगाऱ्या-धुपाऱ्यांवरही ओढले. नवससायास करून व्यसन सुटतं असं सांगणाऱ्यांना ते उभं करत नसत.

महात्मा फुल्यांनी हा प्रश्न वेगळ्याच टोकाने धरला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, 1880 मध्ये, त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. या दुकानांनी कुटुंबं धुळीला मिळतात असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा दोनच वर्षांपूर्वी, 1878 मध्ये, झाला होता आणि सरकारचा गल्ला त्यावर भरत होता. सरकार विकतं आणि घर भोगतं, हे फुल्यांना दिसलं. 1908 मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने गुत्त्यांपुढे निरोधन झालं तेव्हाही रोख दुकानावरच होता. दुकान बंद करा, म्हणजे माणूस सुधारेल. जो आधीच बुडालेला आहे त्याचं काय, हा प्रश्न चळवळीच्या कक्षेत येत नव्हता. त्याला नेण्याच्या जागेचा विचार कोणी केला असेल तर तो इंग्रजांच्या वेड्यांच्या इस्पितळांनी, आणि तोही नाइलाजाने.

येरवड्याचं मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. पुढे वाढत वाढत ते अडीच हजारांवर खाटांचं झालं. 1912च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’प्रमाणे तिथे माणूस पोचवायचा तर नवऱ्याने, बायकोने किंवा नातलगाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग आदेश निघायचा. म्हणजे दाराशी डॉक्टर नव्हे, न्यायाधीश बसलेला. दारूने भ्रमिष्ट झालेला, गांजा ओढून बेताल झालेला, रस्त्यावर पोलिसांना सापडलेला, सगळे त्याच दारातून आत.

या दारावरची नोंद किती भरवशाची होती, याचा एक पुरावा सरकारनेच गोळा करून ठेवला आहे. गांजा-चरसाने माणसं वेडी होतात अशी ओरड इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत पोचल्यावर 1893 मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या. ‘वेडाचं कारण’ या रकान्यात गांजा शब्द जागोजाग होता. खोलात शिरल्यावर कळलं की तो बहुतेक वेळा पोलिसांकडून आलेल्या कागदावरून उतरवलेला असे. माणूस गांजा ओढतो एवढं कोणी सांगितलं की कारण सापडलं. रकाना मोकळा ठेवण्यापेक्षा ते बरं. त्याच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नसे. आयोगाने यातल्या बऱ्याच नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. व्यसनी माणसाचा इतिहास घरच्यांकडून समजून घेतल्याशिवाय उपचार करू नयेत हा आजचा प्राथमिक नियम. तो का लागतो, ते या शंभर वर्षांहून जुन्या अहवालात पाहायला मिळतं.

अफूची कथा त्याहून चमत्कारिक. मुंबईच्या गिरणगावात बाईने पाळीला जाताना तान्ह्याला अफूची बाळागोळी द्यायची, म्हणजे ते दिवसभर झोपून राहायचं. 1920च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत ही पद्धत गिरणी कामगारांच्या घरात जवळपास सार्वत्रिक असल्याचं नोंदलेलं आहे. अफू परवान्याच्या दुकानात मिळत होती. स्वातंत्र्यानंतर 1949च्या अखिल भारतीय अफू परिषदेत दहा वर्षांत ही विक्री बंद करायचं ठरलं, आणि 1 एप्रिल 1959 पासून औषधाखेरीज अफू बंद झाली. अपवाद एकच: ज्यांची नावं व्यसनी म्हणून सरकारी रजिस्टरात चढली होती ते. त्यांना डॉक्टरी कारणावरून ठरलेली मात्रा मिळत राहिली. म्हातारे अफूबाज मरतील तसा प्रश्न आपोआप मिटेल, असा हा हिशोब. उपचार असा नाहीच, फक्त शिधापत्रिका.

दारूच्या बाबतीत मात्र असा सबुरीचा हिशोब मुंबई सरकारला मानवला नाही. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती. ते स्वतः नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. 1 ऑगस्ट 1939 रोजी त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ते मंत्रिमंडळ थोड्याच महिन्यांत गेलं, पण स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी 1949चा दारूबंदी कायदा आणला आणि 6 एप्रिल 1950 पासून सबंध मुंबई राज्य कोरडं झालं, कागदावर तरी. आता पिणारा माणूस गुन्हेगार होता. त्याला एकच सभ्य वाट होती: डॉक्टरांचा दाखला आणून आरोग्य परमिट काढायचं. त्याच कायद्यात ‘तातडीचं परमिट’ आहे. घरात आजारपणाच्या प्रसंगी लागेल म्हणून कुटुंबप्रमुखाला ब्रँडी, रम, एवढंच काय, शँपेनही ठेवता येईल असं कलम 40-ब मध्ये लिहिलेलं आहे. शँपेनने बरा होणारा आजार कोणता, हे कायद्याने सांगितलेलं नाही.

परमिट परवडत नसलेल्यांसाठी हातभट्टी होती, नवटाक होतं, मुंबईच्या चाळींतल्या आंटीच्या खोल्या होत्या. बंदीच्या या काळात सरकारने पोलीस वाढवले, प्रचारपत्रकं छापली, नीरेची केंद्रं काढली. एखाद्या बाईने नवऱ्याचा हात धरून यावं आणि ‘याला बरं करा’ म्हणावं असा दरवाजा या सगळ्या यंत्रणेत काढलेला दिसत नाही. तिने पोलिसांत जावं, म्हणजे त्याला आत टाकतील. ती जात नसे. कमावता माणूस आत गेला तर चूल कशावर पेटणार?

मधल्या काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळीच गोष्ट घडली होती. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी 1935 मध्ये एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहिले. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, आपल्याकडचं ‘एए’, तिथून निघालं. फी नाही, डॉक्टर नाही, पूर्ण नाव सांगायचं नाही. आपण दारूपुढे हरलो हे कबूल करायचं आणि आजचा दिवस काढायचा. भारतात ते 1957 मध्ये दिल्लीत आलं, मग मुंबईत चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांतून सभा भरू लागल्या. ‘स्लिप’ होणं, ‘सोबर’ राहणं, हे शब्द तिथूनच मराठी घरांत शिरले आणि आता गावाकडच्या केंद्रातही कोणी त्यांचा अर्थ विचारत नाही. 1951 मध्ये पिणाऱ्यांच्या बायकांनी ‘अल-ॲनॉन’ हा स्वतंत्र गट काढला. त्याने केलेली कामगिरी एएहून कमी नाही: व्यसन एकाला असलं तरी आजारी सगळं घर पडतं, आणि घराचा इलाज त्या माणसाच्या सुधारण्याची वाट पाहत थांबवायचा नसतो, हे त्या बायकांनी रुजवलं.

एएवाल्यांकडे माणूस स्वतःच्या पायाने जावा लागतो. जो पायांवर उभाच राहू शकत नाही त्याच्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1949 मध्ये ‘हेझेल्डन’ हे निवासी केंद्र निघालं. चार आठवडे राहणं, डॉक्टर आणि व्यसनातून बाहेर पडलेला समुपदेशक एकत्र, व्याख्यानं, गटचर्चा, घरच्यांचे वर्ग. आज आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांचं वेळापत्रक या घराण्यातलं आहे. भारतात ते आणणारी बाई मद्रासची. शांती रंगनाथन यांचे पती, टी. टी. कृष्णम्माचारींचे नातू, दारूच्या व्यसनाने 1979 मध्ये ऐन तिशीत गेले. पैसा, ओळखी, डॉक्टर, कशाचीही वाण नसलेलं घर; तरी न्यायला जागा नव्हती. त्या हेझेल्डनला जाऊन शिकून आल्या आणि 1980 मध्ये त्यांनी पतीच्या नावाने संस्था काढली. मुंबईत पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. एएच्या पायऱ्यांना त्यांनी योगाची जोड दिली; पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार त्यांचे गुरू. धर्मगुरूने चर्चच्या आवारात आसनं शिकवून ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान दारुड्यांना उभं करावं, हे त्या काळच्या मुंबईतच घडू शकलं असतं.

आणि मग गर्द आली.

1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, आणि अफूचे जुने रस्ते मोडून नवे पडले. ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबईत उतरू लागली. पन्नीवर तापवून धूर ओढायचा. काही दिवसांतच शरीर बांधलं जायचं. दारूने माणूस संपायला पंधरा-वीस वर्षं लागतात. गर्दने कॉलेजातली मुलं वर्षा-दोन वर्षांत घरातली भांडी विकू लागली. न मिळाली तर ‘टर्की’: हाडं फुटल्यासारख्या वेदना, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. दारूचं व्यसन झाकून ठेवायला मध्यमवर्ग शिकला होता. हे झाकता येईना. 1985 मध्ये अंमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा झाला. त्यात जबर शिक्षा होत्या, आणि कलम 71 मध्ये सरकारला उपचार केंद्रं काढता येतील अशीही तरतूद होती. त्याच सुमारास केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आणली.

पुण्यात अनिल अवचटांच्या परिचयातल्या घरातला एक मुलगा गर्दमध्ये सापडला. अवचट डॉक्टर, पण वृत्तीने लेखक. ते या मुलांमागे, विकणाऱ्यांमागे, पोलिसांमागे हिंडले आणि त्यांनी लेखमाला लिहिली, तिचं पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झालं. वाचून हादरलेल्यांत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, अट एवढीच की यातून काही उभं राहावं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 29 ऑगस्ट 1986 रोजी त्या रुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, पुलंच्या हस्ते.

जागा तीच होती: येरवडा. पण आत येण्याची रीत बदलली. डॉ. अनितांनी, ज्यांना तिथे सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत, बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते म्हणून घेतले. पळवाटा कुठे असतात, खोटं कसं बोललं जातं, गेटवरून माल आत कसा येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? डॉक्टरच्या शेजारी त्यांना बसवणं हे 1986च्या सरकारी वैद्यकात धाडसच होतं. पस्तीस दिवसांचा मुक्काम, सकाळी योगासनं, वॉर्डची झाडलोट रुग्णांनीच करायची, गटात बोलायचं. बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट. आणि घरी गेल्यावर ठरल्या दिवशी फॉलोअपला यायचं. 1997 मध्ये डॉ. अनिता कर्करोगाने गेल्या, अवचट 27 जानेवारी 2022 रोजी. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ केंद्र काढलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं त्यांचं काम सर्वांना माहीत आहे. व्यसनमुक्तीचं त्यामानाने कमी. पण दोन्ही कामं एकाच रस्त्यावरची आहेत. दारू सोडवायला बुवाकडे जाऊन, पैसे घालवून, वेळही घालवून आलेली कुटुंबं शेवटी डॉक्टरकडे येतात.

पस्तीस दिवस काय किंवा अमेरिकेतले अठ्ठावीस काय, हा आकडा औषधशास्त्रातून निघालेला नाही, व्यवहारातून निघालेला आहे. शरीरातलं विष उतरायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. उरलेले दिवस झोप, भूक, बोलण्याची सवय परत येण्यासाठी. मेंदूची जुनी ओढ त्यानंतरही दीर्घ काळ राहते, आणि पुन्हा पिणं हे या आजारात नवल नाही, लक्षण आहे. ‘शंभर टक्के खात्री’ देणारी पाटी दिसली की तिथून परत फिरावं, असं जाणकार सांगतात ते यामुळे.

अशा पाट्या 1990च्या पुढे वाढल्या. अनुदान मिळतं म्हणून काही, गरज आहे म्हणून काही, धंदा चालतो म्हणून काही. एखादा बंगला भाड्याने घ्यायचा, खिडक्यांना गज बसवायचे, पूर्वी स्वतः पिणारे चारजण ठेवायचे आणि महिन्याची रक्कम आगाऊ घ्यायची. मुक्तांगणने बरे झालेल्यांना डॉक्टरसोबत उभं केलं होतं. इथे डॉक्टर गळाला आणि तेवढेच उरले. रात्री गाडी पाठवून माणसाला घरातून उचलून न्यायची ‘सोय’ही सुरू झाली. घरचे इतके थकलेले असतात की तो निदान महिनाभर डोळ्यांआड होईल, याचेच ते पैसे देतात. हे कटू आहे, पण ज्यांनी रात्र रात्र दाराला कडी घालून काढली आहे त्यांना नावं ठेवायचा हक्क बाहेरच्यांना नाही.

माणूस असा डोळ्यांआड करण्याची किंमत 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसली. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासाला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. ते व्यसनी म्हणून ठेवलेले नव्हते, पण त्यांना तिथे पोचवणारे नातलग याच असहायतेतून आले होते. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, आणि बऱ्याच वर्षांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 आला. 2018 पासून तो अमलात आहे. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या अवस्था घातल्या. त्यामुळे व्यसनींना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्रालाही राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची झाली.

हा कायदा वाचताना जुन्या जागांची आठवण पानोपानी होते. साखळीने बांधणं बंद. जबरदस्तीने डोकं भादरणं बंद. जुलमाने काम करून घेणं बंद. रुग्णाला फोन करता येईल, भेटायला येणाऱ्याला भेटता येईल. स्वतःहून आलेल्याला दाखल करण्याचा मार्ग सोपा. तो नको म्हणत असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज हवा, दोघांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच, आणि जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसायला हवी. तेही पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवस, आणि या कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाला कळवून. 1912च्या कायद्यात दोन दाखले मॅजिस्ट्रेटसाठी होते. इथले दोघे तपासणारे माणसाच्या बाजूने उभे केलेले आहेत. रात्रीच्या गाडीला यात कुठेही जागा नाही.

म्हणून आज केंद्र पाहायला जाणाऱ्या कुटुंबाने इमारत, बाग आणि जेवणाचा तक्ता नंतर पाहिला तरी चालेल. नोंदणीचा दाखला आधी मागावा. मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी जागी लावणं केंद्रावर बंधनकारक आहे. मग रात्री डॉक्टर कोण असतो ते विचारावं. हा प्रश्न आगंतुक वाटतो, पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भिंतीवर किडे दिसू लागतात, ताप चढतो. वेळीच औषध आणि ब-1 जीवनसत्त्व मिळालं नाही तर माणूस दगावतो. ज्या केंद्रात हे ‘तो नाटक करतोय’ म्हणून घेतलं जातं तिथे पाऊल ठेवू नये. वॉर्ड आतून पाहू देत नसतील, पहिल्या दिवशी घरच्यांशी तासभर बसून इतिहास विचारत नसतील, घरच्यांसाठी काही कार्यक्रमच नसेल, आणि सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल उत्तर गुळमुळीत येत असेल, तर ती जागा आणि येरवड्याची 1912ची कोठडी यांत फरक थोडा. चहातून गुपचूप द्यायची पुडी सुचवणाऱ्यापासून तर दूरच राहावं. डायसल्फिराम हे 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आलेलं औषध चांगलं आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो; त्याला नकळत देणं म्हणजे जिवाशी खेळ.

दाखल करण्याची गरज सगळ्यांनाच असते असंही नाही, आणि हे केंद्रवाले सहसा सांगत नाहीत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. दारूचा त्रास होण्याइतपत पिणारे 377 पुरुष निवडले. निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्याबरोबर चार शब्द ऐकून घेणारे साधे प्रशिक्षित समुपदेशक दिले, ज्यांचं मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण झालेलं नव्हतं. तीन महिन्यांनी त्रासदायक पिणं सुटलेल्यांचं प्रमाण समुपदेशनाच्या गटात 36 टक्के निघालं, दुसऱ्यात 26. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. शरीराने पूर्ण बांधल्या गेलेल्या माणसाला एवढं पुरणार नाही, पण त्या टोकाला जाण्याआधी गावातच, आठवड्याच्या बाजाराला आल्यासारखं येऊन जाता येईल अशी ही जागा.

एम्सने 2018 मध्ये देशभर केलेल्या आणि पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्यांत 38 जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं. दाखल होऊन उपचार 180 जणांमागे एकाला. म्हणजे केंद्राची निवड करण्याइतपत पोचलेलं घर हेच अपवाद आहे.

या साऱ्या इतिहासात न्यायचा तो माणूस पुरुष, आणि नेणारी बाई, हे गृहीत आहे. सुधाकराला सिंधू होती. सिंधू प्यायली असती तर नाटक झालं नसतं, तिला माहेरी पाठवलं असतं. त्याच पाहणीत पिणाऱ्या दर बाईमागे सतरा पुरुष निघाले, त्यामुळे बायकांसाठी खाटा कोणी मांडल्याच नाहीत. मुक्तांगणने ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढला तेव्हा ज्या बायका आल्या त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या: पुरुषाला सोडायला बायको, आई, बहीण येते, बाईला सोडून नवरा निघून जातो आणि भेटीच्या दिवशी पुष्कळदा कोणीच येत नाही. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, दारू, हे सगळं घरातल्या घरात चालतं आणि शेजाऱ्यांना सुगावा लागत नाही. आणि मिश्रीला तर महाराष्ट्रात व्यसन म्हणायचीच पद्धत नाही. सकाळी चुलीपुढे बसून जळक्या तंबाखूने दात घासणाऱ्या, दिवसातून चार वेळा घासणाऱ्या, ती न मिळाली तर डोकं धरून बसणाऱ्या आजीला ‘चल, तुला केंद्रात नेतो’ असं कोणत्याही नातवाने अजून म्हटलेलं नाही.